घाटासाठी इंजिन, ट्रॅकसाठी इंजिन

अमेरिकेत ज्याला ‘बिग ब्लॉक’ म्हणतात, ते शेव्हरोलेचं ४५४ घनइंची व्ही-८ इंजिन ७.४ लिटरचं. नाशिकच्या रस्त्यांवर हमखास दिसणाऱ्या थारचं डिझेल इंजिन २.२ लिटरचं. आकार काहीही असो, ताकद वाढवायची तर हिशेब तोच: जास्त हवा, त्या प्रमाणात इंधन आणि वाढलेली उष्णता बाहेर काढायची सोय.

आधी ठरवा, गाडी चालणार कुठे? ट्रॅकसाठीचा तिखट कॅमशाफ्ट वरच्या आरपीएमला जोर देतो. कसारा घाटात ट्रकमागे रांगताना मात्र तीच गाडी गचके खाते. रोजच्या वापराला खालच्या आरपीएमचा टॉर्क हवा. शिवाय नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर. हवा किनाऱ्यापेक्षा पाचसहा टक्के विरळ, म्हणून टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही थोडी कमीच.

खरी परीक्षा बारीक मापांत. पिस्टन रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजतात. १०० मिलिमीटर बोअरला साधारण ०.४ मिलिमीटर, टर्बो लावला तर त्याहून जास्त. फट कमी ठेवली, की तापून फुगलेली टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलिंडर ओरबाडला जातो.

क्लच, ब्रेक आणि रेडिएटरचे पैसे आधी बाजूला काढा. आणि कायदा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी.