उसाच्या फडातून वर्गापर्यंत: कोणाचे काम काय?

भीमा आणि घोड नद्यांच्या काठचा ऊस तोडायला बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबे शिरूर-दौंडला येतात. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतही स्थलांतरित मजूर आहेत. त्यांच्या मुलांची शाळा सुटू नये, यासाठी अनेकांचे हात एकत्र यावे लागतात.

● मूळ गावची शाळा : स्थलांतरापूर्वी, नव्या ठिकाणच्या शाळेत दाखवण्यासाठी शिक्षण हमी कार्ड देते. नातेवाइकांकडे मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे.

● बालरक्षक शिक्षक : कोपी, वीटभट्टी, पालावर जाऊन शाळाबाह्य मुले शोधतात.

● मुख्याध्यापक : वयानुरूप वर्गात प्रवेश देतात. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही.

● केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी : केंद्रातील आणि तालुक्यातील शाळांचा मेळ घालतात.

● अंगणवाडी सेविका : धाकट्या भावंडांना अंगणवाडीत सांभाळतात; ती सांभाळली गेली, तरच थोरली बहीण वर्गात बसू शकते.

● शाळा व्यवस्थापन समिती : तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मुलांची गळती रोखण्याचा आग्रह त्यांनी धरावा.

हक्काचे काय? सरकारी शाळेत पहिली ते आठवी मोफत शिक्षण, पाठ्यपुस्तके आणि शालेय पोषण आहार. आहारासाठी रोज प्राथमिकला 100 ग्रॅम, उच्च प्राथमिकला 150 ग्रॅम धान्य ठरलेले आहे.

तुम्ही काय कराल? तोडणी सुरू असताना फडात मूल दिसले, तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेला त्याच दिवशी कळवा.