साठ अंशांवरचा साबुदाणा

गरम पाण्यात मऊ होणारे आणि हाताने वळता येणारे प्लास्टिक साबुदाण्यासारख्या पांढऱ्या दाण्यांच्या रूपात मिळते. रसायनशास्त्रात त्याला पॉलीकॅप्रोलॅक्टोन म्हणतात. बाजारात ते पॉलीमॉर्फ, शेपलॉक, इन्स्टामॉर्फ अशा नावांनी येते. डबी वेगळी, माल तोच. दाणे साधारण ६० अंश सेल्सिअसला वितळतात, आणि साबुदाण्याशी असलेले साम्य तिथेही सुटत नाही. साबुदाणा शिजला की काचेसारखा दिसू लागतो, तसाच हा दाणा पारदर्शक झाला की तयार झाला असे समजायचे. मग दाणे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. झाऱ्याने तो उचलायचा, पाणी झटकायचे आणि कणकेसारखा मळून हवा तो आकार द्यायचा. निवता निवता तो पुन्हा पांढरा होतो आणि चांगलाच चिवट बनतो. आकार चुकला तर परत गरम पाण्यात.

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले गुंजी हे माउली देवीचे गाव, खानापूर आणि लोंढा यांच्या मधले रेल्वे स्टेशन. रान, भातशेती आणि धो धो पाऊस असा हा मुलूख. अशा गावात पुष्कळ वस्तू बिघडलेल्या नसतात, नुसत्या अडून बसलेल्या असतात. छत्रीची मूठ निखळलेली, मिक्सरचे बटन तुटलेले, टेबलाच्या एका पायाची टोपी हरवलेली. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काय वाटेल ते कातून मिळते. पण जिथे शेकड्यांनी नग निघतात तिथला टर्नर एका बटनासाठी मशीन मांडत नाही, आणि मांडलेच तर त्या पैशात नवी वस्तू येते. एकाच नगाची ही अडचण गरम पाण्यातल्या गोळ्याने सुटते. हार्डवेअरच्या दुकानात असे काही मागितले तर बहुधा एम-सील हातात पडेल. ते वेगळे प्रकरण आहे, त्याकडे पुढे येऊ.

तापवून वळवायचे आणि निववून घट्ट करायचे, हे तंत्र या भागाला नवे नाही. त्याचा जुना माल म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे आपल्या अंगातून जो राळेसारखा स्राव सोडतात तीच लाख. ती ६५ अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि ८० च्या आसपास ओघळते. खुरप्याची किंवा सुरीची मूठ पक्की करताना लाकडाच्या भोकात लाखेची नाहीतर राळेची पूड भरायची, पात्याची मागची दांडी तापवून आत खुपसायची आणि निवू द्यायची. दांडी पुन्हा हलत नाही. कोल्हापुरी साजाची पाने किंवा बोरमाळेचे मणी वरून सोन्याचे दिसतात, आत मात्र लाख भरलेली असते. कागदासारखा पातळ पत्रा चेपू नये म्हणून ती भरतात. तोलताना लाखेचे वजन वजा झाले की नाही, यावरून सराफाच्या पेढीवर शब्दाला शब्द लागतो तो त्यामुळेच. घाट उतरून सावंतवाडीला गेले की लाखेचा आणखी एक खेळ दिसतो. कातकामाच्या फिरत्या लाकडावर कारागीर रंगीत लाखेची कांडी टेकवतो. घासण्याच्या उष्णतेनेच ती वितळून लाकडावर पसरते आणि केवड्याच्या पानाने तिला झळाळी येते. लाखेचा एक दोष मात्र कारागीर जाणून असतात: जास्त आचेवर फार वेळ ठेवली की तिचा गुण पालटतो आणि मग ती पुन्हा नीट वितळत नाही.

मलायाच्या रानातल्या झाडांचा चीक, गटापर्चा, हा लाखेचाच दूरचा सोयरा. गरम पाण्यात मऊ करून तिथले लोक त्याच्या कोयत्यांच्या मुठी वळत असत. १८४३ मध्ये विल्यम माँटगोमेरी या डॉक्टरने त्याचे नमुने लंडनला धाडले आणि पुढे समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवर त्याचेच वेष्टन चढले. आज तो रूट कॅनल केलेल्या दातात भरलेला असतो, हे तो दात मिरवणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. पॉलीकॅप्रोलॅक्टोन मात्र झाडावरचे नाही. नायलॉनचा शोध ज्यांच्या नावावर आहे त्या वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने ते १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत प्रयोगशाळेत तयार केले.

दाणा तापल्यावर मऊ का होतो, ते पेंढ्यावरून समजते. प्लास्टिकचे रेणू म्हणजे लांबच लांब काड्या. पॉलीकॅप्रोलॅक्टोनमध्ये यातल्या बऱ्याच काड्या व्यवस्थित पेंड्या बांधल्यासारख्या शेजारी शेजारी लागलेल्या असतात. उरलेल्या मोकळ्या पसरलेल्या. पेंड्यांमुळे बळकटी येते आणि मोकळ्या काड्यांमुळे लवचीकपणा. ६० अंशांवर पेंड्या सुटतात, काड्या एकमेकींवरून सरकू लागतात आणि गोळा वळतो. निवल्यावर पेंड्या पुन्हा बांधल्या जातात. प्रकाश या पेंड्यांवर विखुरतो म्हणून घट्ट प्लास्टिक पांढरे दिसते. पेंड्या सुटल्या की ते पारदर्शक होते. डोळ्यांना दिसणारा रंगबदल म्हणजे आतली बांधाबांध आणि सोडासोड.

प्रत्यक्ष काम मिक्सरच्या तुटलेल्या बटनावरून पाहता येईल. आधी प्लग काढायचा. बटन ज्या दांड्यावर बसते त्याची एक बाजू सपाट तासलेली असते. ती सपाटी नव्या बटनात हुबेहूब उतरली पाहिजे, नाहीतर बटन नुसतेच गरगर फिरते. दांड्याला खोबरेल तेलाचे बोट लावायचे. स्टीलच्या भांड्यात दोन वाट्या उकळते पाणी आणि एक वाटी साधे पाणी घेतले की ७० ते ७५ अंशांच्या घरात येते. प्लास्टिकचे भांडे घेऊ नये, गोळा त्यालाच चिकटून बसतो. दहा-बारा ग्रॅम दाणे टाकून ते पारदर्शक होईपर्यंत थांबायचे. गोळा बाहेर काढल्यावर क्षणभर धीर धरावा, कारण दाण्यांच्या बेचक्यात अडकलेले कढत पाणी दाबल्याबरोबर बोटांवर येते. चटका बसतो तो प्लास्टिकचा कमी आणि या पाण्याचा जास्त. मग गोळा दांड्यावर दाबायचा, वरून चिमटीने बटनाचा आकार द्यायचा, कडेने बोटांच्या पकडीसाठी खाचा उठवायच्या.

पुढची दोन-चार मिनिटे महत्त्वाची. गोळा पारदर्शक असताना ओढला तर आतला ठसा बिघडतो. पूर्ण गार झाल्यावर ओढला तर तो थोडा आकसून दांड्याला असा आवळतो की निघता निघत नाही. वरून पांढरा झाला पण हाताला अजून कोमट लागतो, तेव्हाच काढायचा आणि गार पाण्यात टाकायचा. जाड वस्तू वरून निवली तरी पोटात बराच वेळ ऊन राहते, म्हणून घाई करू नये. वाढलेला भाग धारदार सुरीने कापावा. कानशीने घासले किंवा जोरात ड्रिल चालवले तर घर्षणाने प्लास्टिक वितळते आणि कानशीचे दात भरून जातात. सावंतवाडीच्या कांडीचा गुण इथे अवगुण ठरतो.

नट-बोल्टचे आटेही असेच उठवता येतात. तेल लावलेला बोल्ट मऊ गोळ्यात दाबायचा आणि निवल्यावर फिरवून काढायचा. लाकूड, लोखंड आणि काच यांच्या गुळगुळीत पृष्ठभागाला हे प्लास्टिक नीट धरत नाही. तिथे आधी भोके पाडून किंवा खाचा करून त्याला अडकायला जागा द्यावी लागते. दोन तुकडे एकमेकांना जोडायचे तर दोन्ही गरम हवेत आणि मधले पाणी पुसलेले हवे, नाहीतर पाण्याचा पातळ पापुद्रा जोड होऊ देत नाही.

या वस्तूचा सर्वांत शहाणा उपयोग दुरुस्तीत नसून पकडीत आहे, असे म्हणायला हरकत नाही. संधिवाताने बोटे मिटत नसलेल्या आजीच्या चमच्याला किंवा अर्धांगवायूतून सावरणाऱ्या माणसाच्या काठीला त्या त्या हाताच्या मुठीचाच ठसा घेतलेली मूठ करता येते. कारखाना अशी मूठ करत नाही, कारण तसा हात एकच असतो. इस्पितळांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. कर्करोगावर डोक्या-मानेला किरणोपचार देताना रुग्ण तसूभरही हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीदार मुखवटा बसवतात. त्यासाठीची पांढरी जाळी बहुतेक वेळा याच प्लास्टिकची असते. ती गरम पाण्यात मऊ करून, पाणी टिपून, रुग्णाच्या चेहऱ्यावर ताणतात. काही मिनिटांत ती त्या चेहऱ्याचा आकार घेऊन घट्ट होते.

६० अंशांवर वळणारी वस्तू ६० अंशांवर बिघडतेही, ही या प्लास्टिकची सगळ्यात मोठी मर्यादा. चहाच्या पातेल्याची मूठ, गॅसच्या शेगडीचे बटन, बंबाची तोटी यांच्या वाट्याला ते जाऊ नये. वैशाखात उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीच्या काचेखालीही ते मान टाकते. त्याच्या बरेच खालच्या तापमानालाही सतत ओझे असेल तर ते हळूहळू वाकते. ब्रेकचा दांडा, विजेच्या चालू भागांचे आवरण, गॅसची नळी इथे त्याचा विचारच नको. आणखी एक गंमत आहे. मातीतले सूक्ष्मजीव हे प्लास्टिक सावकाश खातात. त्यामुळे याची मूठ बसवलेले खुरपे चिखलात विसरले आणि पुढच्या हंगामात सापडले, तर मूठ खरबरीत झालेली आढळू शकते.

तापमानाच्या शिडीवरची वरची पायरी शेतकऱ्यांच्या रोजच्या माहितीची आहे. ठिबकची १६ मिलिमीटरची काळी नळी जोडावर चढत नसेल तर तिचे टोक ऊन पाण्यात बुडवतात, मग ती सैल पडून सहज चढते. पीव्हीसीचा पाइप ८० अंशांच्या सुमारास नरम होतो. त्याचे टोक जाळावर फिरवून दुसऱ्या पाइपवर ढकलायचे आणि फुगवलेला जोड करायचा, ही शिवारातली नेहमीची रीत. जाळावर धरलेला पाइप तपकिरी झाला की मात्र तो जळू लागलेला असतो. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइडचा धूर डोळ्यांना आणि छातीला झोंबतो. उकळत्या पाण्यात किंवा तापवलेल्या तेलात टोक बुडवले तर काम तेच होते आणि धूर टळतो. पीव्हीसीला जुना आकार आठवतो, हेही ध्यानात ठेवावे. फुगवलेले टोक पुन्हा तापवले की ते आपोआप आकसून पूर्वीच्या मापाकडे जाते.

बादल्या, घागरी, बिंदग्या पॉलिथिनच्या नाहीतर पॉलिप्रॉपिलिनच्या असतात. पहिले १३० अंशांच्या आसपास वितळते, दुसरे १६० च्या पुढे. या दोन्हींना गोंद, फेव्हिक्विक, एम-सील यांपैकी काहीच टिकाऊ धरत नाही, कारण त्यांच्या पृष्ठभागाला चिकटण्याचा गुणच नसतो. म्हणून फुटलेली घागर सांधायची ती तापवूनच. तापल्या लोखंडाने चिरेच्या दोन्ही कडा वितळवायच्या आणि तशाच प्लास्टिकची पट्टी वरून जिरवायची. ‘तशाच’ हा शब्द महत्त्वाचा. पॉलिथिनच्या घागरीवर पॉलिप्रॉपिलिनचा तुकडा बसल्यासारखा वाटतो, पण पहिल्या आपटीत सुटतो. बुडावरच्या त्रिकोणातला आकडा पाहावा. २ आणि ४ म्हणजे पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, ३ म्हणजे पीव्हीसी. आकडा पुसला असेल तर एक तुकडा पाण्यात टाकून पाहावा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन तरंगतात, पीव्हीसी बुडते. पीव्हीसीला तापले लोखंड लावू नये. चीर पुढे सरकू नये म्हणून सांधण्याआधी तिच्या टोकाशी छोटे गोल भोक पाडतात. टोकाशी एकवटणारा ताण त्या गोलाईत वाटला जातो.

शिडीच्या बाहेर राहतात ती एकदाच घट्ट होणारी प्लास्टिके. एम-सीलच्या दोन वड्या मळल्या की त्यांच्यात रासायनिक बंध तयार होतात. मग कितीही तापवा, ते मऊ होत नाही, शेवटी करपते. खानापूरला मातीकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथेच आहे, त्यामुळे हा फरक तिथे सांगावा लागत नाही. कच्चे मडके भिजवून पुन्हा चाकावर घेता येते, भाजलेले येत नाही. कुकरची काळी मूठ या दुसऱ्या जातीची, बेकेलाइटची. लिओ बेकलंड यांनी बेकेलाइट १९०७ मध्ये शोधले ते विजेच्या उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या महागड्या लाखेला पर्याय शोधताना. लाख तापली की वितळते, ही अडचण त्यांनी कायमची संपवली. पण तशी मूठ तडकली तर ती वितळवून सांधणेही त्याबरोबरच संपले. तिला दोन स्क्रू असतात. ते काढून त्याच मापाची नवी मूठ बसवणे, एवढीच तिची दुरुस्ती.