शेगावची कचोरी, घरच्या कढईत

मुंबई-नागपूर मार्गावर गाडी शेगावला थांबली की फलाटावर कचोरीचा वास येतोच. पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास इथे ती रुजवली, असं सांगतात.

घरी करायला साहित्य साधंच: दोन वाट्या मैदा, पाव वाटी तेलाचं मोहन, मीठ. सारणाला भिजवून भरड वाटलेली मूगडाळ, बडीशेप, धने, तिखट. तेही कोरडं होईस्तोवर परतलेलं. ओलं राहिलं की कचोरी मऊ पडते.

खुसखुशीतपणा मोहनात आहे. तेल माखलेल्या पिठात चिवट तंतू लांबत नाहीत. मैद्याची मूठ वळली की मोहन पुरेसं.

आच मात्र मंदच हवी, घाई केली की बाहेरून लाल, आतून कच्ची! सोबत तळलेली हिरवी मिरची. चटणी नसली तरी चालेल.