रूळ कोणाचे, गाडी कोणाची?



आपल्या जिल्ह्यात सिंद्या दोन. एक रेल्वेची, नागपूरच्या वाटेवरची. दुसरी ही आपली, मेघे. तेव्हा सिंदी मेघेत उभे राहून रेल्वेवर बोलायचे म्हणजे शेजाऱ्याच्या संपत्तीचा हिशेब मांडण्यासारखे आहे. पण आजचा विषयच मुळी रेल्वेच्या मालकीचा आहे.

वर्ध्यावरून जाणारा मोठा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या कंपनीने बांधला. ही कंपनी १८४९ साली इंग्लंडात स्थापन झाली. भांडवल तिकडचे, आणि त्यावर शेकडा ५ व्याजाची हमी इकडच्या तिजोरीची. धंदा बुडाला तरी भागीदार बुडत नसे. बुडे तो येथला करदाता! १८६७ मध्ये ही गाडी नागपूरला पोचली. पुढे वरोऱ्याच्या कोळशासाठी सरकारने बांधलेला वर्धा-वरोरा फाटा हिच्याच कारभारात आला आणि १९०० साली इंडियन मिडलँड रेल्वेही. मात्र त्याच साली सरकारने खुद्द ही कंपनी विकत घेतली. १९२५ मध्ये तिचा कारभारही हाती घेतला आणि १९५१ मध्ये तिची मध्य रेल्वे झाली. मोठ्या माशाला त्याहून मोठा मासा भेटला, इतकेच.

पण एक लहान मासा जाळ्यातून निसटला, आणि तोच आपल्या घरचा आहे. मुंबईची किलिक निक्सन ही १८५७ सालची पेढी. तिने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेज ही कंपनी उभी केली. यवतमाळ-मूर्तिजापूर, मूर्तिजापूर-अचलपूर आणि १९१७ साली सुरू झालेला आपला पुलगाव-आर्वी, हे तिचे अरुंद मार्ग. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणून टाकावा, हा हेतू.

येथे व्यवस्थेची मेख लक्षात घ्यावी. या कंपनीपाशी मार्ग होता, गाडी नव्हती. इंजिने, डबे, गार्ड, स्टेशनमास्तर सारे जी. आय. पी. चे. उत्पन्नातून चालवणाऱ्याचा खर्च वजा जाई आणि उरलेले मालकाला मिळे. एखाद्याने विहीर खणून द्यावी, मोट दुसऱ्याने हाकावी, आणि पाण्याची वाटणी करारपत्राने ठरावी, तसा हा व्यवहार. कंपनीची सूत्रे मॅनेजिंग एजंट म्हणून पेढीकडे. भागीदारांची मान्यता नावापुरती. अशा पेढ्या एकाच कचेरीतून अनेक कंपन्या चालवीत. ही एजन्सी-पद्धती कायद्याने १९७० मध्ये संपली.

मग स्वराज्यात हे रूळ सरकारचे का झाले नाहीत? करारात ठरावीक मुदतीने ते विकत घेण्याची मुभा सरकारला होती. ती वापरली गेली नाही. तोट्याचा मार्ग पैसे मोजून कोण घेणार? ‘इंग्रजांची शेवटची रेल्वे’ असे वर्तमानपत्री वर्णन आपण वाचले असेल. ते ऐकायला बरे, पण पेढी पुढे भारतीय हातांत आली होती. दोष साहेबाच्या माथी मारून आपली सुटका नाही. परक्याच्या रुळांवर रेल्वेने पैसा घालावा कशाला, आणि गाडी आपली नसताना मालकाने तरी का घालावा? या प्रश्नात रूळ झिजत गेले. यवतमाळकरांच्या लाडक्या ‘शकुंतले’चे १९२१ साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावले. हे कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुकापेक्षा हेळसांडच अधिक दिसते. गरिबाला मोटारीच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडणारी ती गाडी पुढे बंदच झाली. आर्वीची तर त्याआधीच थांबली होती.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब हा नवा रुंद मार्ग सुरू झाला. त्याचे रूळही सरकारचे आणि गाडीही सरकारची. त्या दिवशी आर्वीचे लोक पुलगावला आले असतील, ते मात्र मोटारीनेच.