काठावर उभं राहिलं तर दगड लागत नाही म्हणे!

पोळा जवळ आला की एकट्याने भटकणाऱ्यांची तीच विचारणा सुरू होते. "गोटमार बघायला यायचंय. आपण काय, काठावरूनच बघणार!" दगड मारणारे एकमेकांनाच मारतात, बघ्याला धोका नाही, ही समजूत कुणी पसरवली देव जाणे.

पांढुर्णा आणि सावरगावच्या मधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. पांढुर्ण्याचे गडी झाड तोडायला कुऱ्हाड घेऊन शिरतात, सावरगावचे त्यांना अडवतात आणि दोन्हीकडून गोटे सुटतात. तुम्ही ज्याला प्रेक्षकांचा काठ समजता, तोच मारणाऱ्यांचा काठ! त्यात कुणी बंदी मोडून गोफण काढली, तर तिचा दगड हाताने फेकलेल्यापेक्षा कितीतरी लांब जातो. दरवर्षी शेकडो जखमी होतात, काहींचे जीवही गेलेत. अतिशयोक्ती वाटत असेल तर प्रशासनाची तयारी बघा. जमावबंदी लागते, जागीच उपचाराची सोय करतात. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचाही प्रयोग झाला, तो लोकांनी मानला नाही. गावातल्या माणसाचं डोकं फुटलं तर उचलायला चार नातेवाईक असतात. एकट्या पाहुण्याला कोण उचलणार?

"पण त्यामागे प्रेमकथा आहे ना?" पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, नदीत अडकलेलं जोडपं. ही दंतकथा. सैन्याच्या सरावातून हे सुरू झालं, असंही सांगणारे आहेत. आणि कथा कितीही गोड असली तरी दगड मऊ होत नाही. त्याच दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत निघते; गर्दीच बघायची हौस असेल तर तिकडे जा.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. पांढुर्णा महाराष्ट्रात नाही. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं, हा भाग मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला, शेजारचं सौंसरही त्यातच आलं. पण मध्य प्रदेश म्हणून हिंदीची घोकंपट्टी करून येऊ नका, बाजारात मराठी चालते.

सौंसरजवळच्या जामसावळीचा मारुती निजलेला आहे हे खरं. असा देशात एकच, हे खोटं. खुलताबादचा भद्रा मारुती आणि प्रयागराजचा हनुमानही निजलेलेच.

पांढुर्णा आणि सौंसर एकाच गाडीने होत नाहीत. पांढुर्णा नागपूर-इटारसी मार्गावर, तर सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर. मधला प्रवास रस्त्यानेच. सौंसरची 'छोटी लाइन', म्हणजे नॅरोगेज, २०१५ मध्येच बंद झाली, आता तिथे ब्रॉडगेज आहे.

आणि मे महिन्यात येऊन झाडावर पिकली संत्री शोधू नका. आंबिया बहार हिवाळ्याच्या तोंडाशी उतरतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हाही बागेत शिरण्याआधी मालकाला विचारायचं.