विश्लेषण : तारे पाहायला मुंबईकर वांगणी का गाठतात?

मीरा रोड-भाईंदरच्या गच्चीवरून रात्री मोजकेच तारे दिसतात. खऱ्या अंधारात मात्र नुसत्या डोळ्यांनी एका वेळी दोन हजारांहून अधिक तारे दिसू शकतात. मग बाकीचे जातात कुठे?

तारे कुठे हरवतात?
पथदिवे, होर्डिंग आणि इमारतींचा वर जाणारा प्रकाश हवेतल्या धूळ-बाष्पामुळे विखुरतो. आकाशच उजळतं आणि मंद तारे त्यात बुडतात. हेच प्रकाश प्रदूषण.

वांगणीच का?
१९८५ मध्ये सुरू झालेलं मुंबईतलं ‘खगोल मंडळ’ अनेक वर्षं इथे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम घेत आलं आहे. कारण सोपं : शहरापेक्षा जास्त अंधार आणि लोकलची सोय. भाईंदरहून दादर, तिथून कर्जत लोकल; बदलापूरनंतर वांगणी.

रात्रभर कशासाठी?
पृथ्वी फिरते तसं आकाशही सरकतं. जानेवारीअखेरीस संध्याकाळी मृग दिसतो, तर पहाटे वृश्चिक उगवतो. अंधाराला डोळे सरावायला साधारण अर्धा तास लागतो. मोबाइलच्या उजेडात एका क्षणात ती मेहनत वाया जाते. म्हणून तिथे लाल प्रकाशाचा टॉर्च वापरतात.

घरून काय दिसेल?
चंद्रावरची विवरं आणि गुरूचे चार मोठे चंद्र. साधी दुर्बीणही पुरते. आकाशगंगा मात्र नाही.

पुढे काय?
बदलापूरपलीकडेही इमारती वाढत आहेत, म्हणजे वांगणीचा अंधारही कायमचा नाही. सोसायटीच्या दिव्यांना वरून झाकण आणि प्रकाश फक्त जमिनीकडे, एवढा बदल आपल्या हातात आहे.