इंचभर थर्मोकोल

हेल्मेटच्या दुकानात गिऱ्हाईक हेल्मेट हातात घेतं, बोटांनी वरून टकटक वाजवतं आणि ‘दणकट आहे’ म्हणत पाकीट काढतं. जीव वाचवणारी वस्तू या टकटकीत कळतच नाही. ती आत असते: अस्तराच्या कापडाखालचा इंच-सव्वा इंच जाडीचा, टीव्हीच्या खोक्यात येतो त्याहून दाट थर्मोकोल.

हिशेब शाळकरी आहे. दीड मीटरवरून मोकळं पडलेलं डोकं रस्त्यावर ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने आदळतं. गाडीचा वेग यात धरलेलाच नाही. हा वेग शून्यावर यायला किती जागा मिळते, यावर सगळं ठरतं. उघड्या डोक्याला कातडी-हाड मिळून अर्धा सेंटिमीटर मिळाला असं धरू. दीड मीटर भागिले अर्धा सेंटिमीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी ३०० पट धक्का. थर्मोकोल दोन सेंटिमीटर चेपला, तर तोच आकडा ७५वर येतो.

थर्मोकोलचा दाणा म्हणजे हवेच्या बारीक कप्प्यांचा गठ्ठा. दाब वाढला की कप्प्यांच्या भिंती मुडपतात आणि बहुतांशी तशाच राहतात. स्पंजही चेपतो, पण तो लगेच उसळून डोकं परत ढकलतो. वरचं कवच मार पसरवतं, टोकदार दगड आत घुसू देत नाही आणि तडा जाताना थोडी ऊर्जा स्वतः खातं. कवच अति कडक आणि आत नुसती गादी असली, तर मार थेट कवटीला पोचतो. रस्त्याकडेला मिळणाऱ्या ‘टोप्या’ नेमक्या अशाच असतात. त्या पोलिसाला दाखवायला ठीक आहेत, बाकी शून्य.

१९३५च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखला जाणारा ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. डोक्यावर काही नव्हतं. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. १९४१ साली त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांवर लेख लिहिला. हेल्मेट घातलेले अवघे सात जखमी त्यांना सापडले होते; सातही वाचले. सातांवरून सिद्धान्त मांडणं धाडसाचंच, पण ब्रिटिश लष्कराने त्याच वर्षी निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. चेपून परत न उसळणाऱ्या अस्तराचं पेटंट मात्र अमेरिकेत चार्ल्स लोम्बार्ड यांच्या नावावर १९५३ साली निघालं.

मार थोपवायचं काम बुलेटप्रूफ जॅकेटही करतं, पण त्याचं दुखणं वेगळं. त्यातले केव्हलार नावाचे चिवट कृत्रिम धागे ताणले जाऊन गोळीला थोपवतात, गोळी चपटी होते. पण थांबेपर्यंत जॅकेट आतल्या बाजूला फुगतं. हेल्मेटला चेपायला स्वतःची जागा आहे, जॅकेटला जागा म्हणजे माणसाची छाती. म्हणून चाचणीत जॅकेटमागे मऊ मातीचा ठोकळा ठेवतात. माती बरोबर मऊ आहे ना, हे किलोभर वजनाचा पोलादी गोळा दोन मीटरवरून टाकून तपासतात. मग गोळी झाडायची आणि मातीतला पोचा मोजायचा. अमेरिकी मानकात मर्यादा ४४ मिलिमीटर, आणि या आकड्याचं मूळ १९७०च्या दशकात बोकडांवर केलेल्या प्रयोगांत आहे. गोळी अडली, पण पोचा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल गेला, तर जॅकेट नापास! लष्करी हेल्मेटात तर कवच आणि कवटी यांत बोटभरच फट. गोळी अडली तरी आत आलेला फुगवटा हाड फोडू शकतो.

परत दुचाकीच्या हेल्मेटकडे येऊ. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले. मान दुखते, ऐकू येत नाही, शहरात वेगच कुठे असतो, असे मुद्दे होते. पहिल्या दोन तक्रारी समजण्यासारख्या आहेत. वेगाचा मुद्दा मात्र वरच्या भागाकारापुढे टिकत नाही: ते २० किलोमीटर उभ्या गाडीवरून पडण्याचे आहेत.

१ जून २०२१पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकणं बेकायदा आहे. घेताना चिन्हाशेजारी ‘आयएस ४१५१’ हा क्रमांक पाहा, आणि अस्तराखाली बोट घालून थर्मोकोल आहे ना, तेही. डोक्यासकट एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं, तरी आतला इंच खर्च झालेला असतो. ते धाकट्या भावाला देऊ नका, टाकून द्या.